शपथेचें प्रामाण्य आणि ताराबाईची जेजुरीची शपथ

जुन्या मराठी कागदपत्रांचा ज्यांस परिचय आहे त्यांस शपथ हा विषय नवा नाहीं. महजर घ्या, वतनाचा निवाडा घ्या, तहाची यादी घ्या, किंवा दोन सरदारांमधील खासगी पत्र घ्या. कोठें ना कोठें शपथ, आण, क्रिया, इमान, बेलभंडार यांपैकीं एखादा शब्द आढळतोच. परंतु हे शब्द इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, कागद वाचणारा त्यांवरून दृष्टि सरकवून पुढें जातो. कागदांतील सन, नांवें, शिक्के, अक्षरवळण यांची चिकित्सा होते. शपथेची होत नाहीं. तिच्याविषयीं आपण दोहोंपैकीं एक वृत्ति धरितों. देवापुढें शपथ वाहिली त्या अर्थीं गोष्ट खरीच असली पाहिजे, असें म्हणून कांहीं जण वाद मिटवितात. जुन्या लोकांच्या शपथा त्या, त्या काय धरून बसाव्या, असें म्हणून दुसरे कांहीं ती सोडून देतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. शपथ हाहि एक पुरावाच आहे. मात्र तो कशाचा पुरावा आहे हें प्रत्येक ठिकाणीं तपासून ठरविलें पाहिजे.

तें कसें तपासावें याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरणासाठीं मराठ्यांच्या इतिहासांतील एक प्रसिद्ध प्रसंग आम्हीं घेतला आहे. छत्रपति रामराजा हा आपला नातू आहे अशी शपथ ताराबाईनें शाहूच्या मृत्यूनंतर घेतली, आणि तो आपला नातू नव्हे अशीहि शपथ तिनेंच १७५२ सालीं जेजुरीस घेतली. या दोहोंपैकीं एक खोटी असलीच पाहिजे. रामराजा खरा कीं तोतया, या प्रश्नाचा निकाल जे दुसऱ्या शपथेवरून लावितात त्यांनीं शपथेचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम शब्द पाहूं. शपथ हा शब्द ‘शप्’ म्हणजे शाप देणें या धातूपासून निघाला आहे. म्हणजे शपथ हा मुळांत मनुष्यानें स्वतःच स्वतःस दिलेला शाप होय. आपलें बोलणें खोटें ठरल्यास आपलें अमुक वाईट होवो, अशी त्यांत अट असते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वसिष्ठानें पैजवन राजापुढें शपथ वाहिल्याचा दाखला दिला आहे. मराठींतील ‘आण’ हा शब्द निराळ्या कुळांतला, आज्ञेपासून आलेला आहे. म्हणून आण ही विशेषेंकरून दुसऱ्यावर घालावयाची असते. ‘तुला माझ्या गळ्याची आण’ असें म्हणणारा स्वतः कांहींच कबूल करीत नाहीं. तो समोरच्यास बांधतो. ‘क्रिया’ हा शब्द धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणांतून आला. तेथें वादाचे चार पाद सांगितले आहेत, त्यांतील तिसरा क्रियापाद, म्हणजे पुराव्याचा पाद. पुढें पुराव्याच्या सर्व प्रकारांस लागू असलेला हा शब्द मराठींत संकोच पावून शपथ व दिव्य एवढ्यांपुरताच उरला. ‘अमक्यानें क्रिया करावी’ असें निवाड्यांत येतें तेव्हां हाच अर्थ घ्यावयाचा. इमान हा शब्द मुसलमानी अमलाबरोबर आला. त्याचा रोख झालेल्या गोष्टीकडे नसून पुढील वर्तनाकडे असतो.

या शब्दांच्या मागें तीन निरनिराळ्या वस्तु आहेत. पहिली, झालेल्या गोष्टीविषयींची शपथ: ही शेताची शीव येथूनच गेली आहे, हें वतन आमच्या आजाचेंच आहे. हिला आम्ही निर्णयाची शपथ म्हणतों. दुसरी, पुढें करावयाच्या वर्तनाविषयींची शपथ: तुमच्याशीं दगा करणार नाहीं, तुमच्या पुत्राचा पक्ष सोडणार नाहीं. ही इमानाची शपथ. तिसरी, दुसऱ्यावर घातलेली आण. दानपत्रांच्या शेवटीं, या इनामास जो हिंदु अडथळा करील त्यास गाईची आण व जो मुसलमान करील त्यास डुकराची आण, अशा आशयाचा मजकूर येतो तो या वर्गांतला. ज्यांस ती आण घातली ते तेव्हां जन्मलेहि नव्हते. तेव्हां असें कलम दात्याच्या चिंतेचा पुरावा आहे, कोणाच्या कबुलीचा नव्हे. यादवकालीन व शिलाहारकालीन शिलालेखांवरील गधेगाळ ही याच कलमाची पूर्वज होय.

या तीन वस्तूंचें वजन सारखें नाहीं. त्यांपैकीं निर्णयाच्या शपथेस शास्त्रकारांनीं कोणतें स्थान दिलें होतें तें पाहिलें पाहिजे. याज्ञवल्क्यानें लिखित, भुक्ति आणि साक्षी हीं तीन प्रमाणें सांगून, यांपैकीं एकहि नसेल तेव्हां दिव्य घ्यावें असा क्रम लाविला आहे. तुला, अग्नि, जल, विष आणि कोश हीं त्याचीं पांच दिव्यें. इतर स्मृतिकारांनीं तंडुल, तप्तमाष, फाल इत्यादि मिळवून ही संख्या नवापर्यंत नेली. शपथेच्या सर्वांत जवळचें दिव्य म्हणजे कोश. देवतेच्या स्नानाचें तीर्थ तीन ओंजळी प्यावयाचें, आणि चौदा दिवसांत राजाकडून किंवा दैवाकडून कांहीं घोर आपत्ति आली नाहीं तर तो मनुष्य शुद्ध समजावयाचा. मनूनेंहि ब्राह्मणास सत्याची, क्षत्रियास वाहनाची व शस्त्रांची, वैश्यास गाई, धान्य व सोनें यांची शपथ सांगून, स्त्रीपुत्रांच्या मस्तकास हात लावण्याचाहि प्रकार दिला आहे. ज्यास जें सर्वांत प्रिय तें त्यानें पणास लावावें, हें यांतील तत्त्व स्पष्ट आहे.

यावरून एवढें सिद्ध होतें कीं, आपले पूर्वज शपथेस भोळेपणानें भुलत होते हा समज बरोबर नाहीं. कागद, वहिवाट व साक्षीदार हे संपल्यावर मगच शपथ. मनूनें तर क्षुल्लक गोष्टीसाठीं खोटी शपथ वाहण्याचा निषेध करून, पुढें कोणत्या प्रसंगीं शपथेचा दोष लागत नाहीं याची यादीहि दिली आहे. प्रेमांत स्त्रीशीं बोलतांना, विवाहाच्या बोलण्यांत, गाईच्या चाऱ्यासाठीं, सर्पणासाठीं व ब्राह्मणाच्या रक्षणासाठीं वाहिलेल्या शपथेस त्यानें सूट ठेविली. ही यादी आज आपणांस पटो वा न पटो. पण ज्यानें ती केली त्यास माणसें शपथा कोठें कोठें मोडतात हें चांगलें ठाऊक होतें, यांत संशय नाहीं.

मराठी अमलांतील गोतसभांनीं हेंच शास्त्र व्यवहारांत आणिलें. वतनाचा वाद मजलशींत उभा राहिला म्हणजे दोन्ही पक्षांकडून प्रथम राजीनामे व जामीन घेत. निवाडा होईल तो मान्य करूं असें त्यांत लिहून द्यावें लागे. एखादें गोत पक्षपाती आहे असें वाटल्यास वादी दुसरें थळ मागे. मग करीने ऐकावयाचे, कागद पाहावयाचे, शेजारपाजारच्या गांवांच्या साक्षी घ्यावयाच्या. त्यांतूनहि उलगडा न झाल्यास क्रिया नेमावयाची. ती एखाद्या जागृत देवस्थानीं किंवा कृष्णावेण्येच्या संगमासारख्या तीर्थीं होई. पक्षकार मुसलमान असल्यास मशीद व कुराण. रव्याचें दिव्य नेमलें असल्यास ज्यानें तें करावयाचें त्याचीं नखें काढून हात धुवीत, हातावर आधींच्या खुणा असतील त्या पाहून ठेवीत, आणि वादाचा मजकूर कागदावर लिहून तो त्याच्या कपाळीं बांधीत. कढत्या तेलातुपांतून त्यानें धातूचा तुकडा काढिला कीं हात पिशवींत घालून वर मोहोर करावयाची. तिसरे दिवशीं सर्वांसमक्ष पिशवी सोडून हात पाहावयाचा, आणि खरा झाला कीं खोटा झाला तें ठरवावयाचें. जिंकणाऱ्यानें हरकी द्यावी, हरणाऱ्यानें गुन्हेगारी द्यावी व येजितखत लिहून द्यावें, म्हणजे प्रकरण संपलें.

कढत्या तेलास कोणाची पाटिलकी खरी हें कळत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. आणि अशा दिव्यांत कित्येक खरे लोक भाजून खोटे ठरले असतील हेंहि उघड आहे. परंतु या सर्व विधींत तीन गोष्टी अशा आहेत कीं, त्या शपथेच्या परीक्षेस आजहि उपयोगीं पडतात. पहिली ही कीं, क्रिया प्रतिपक्षाच्या समक्ष होई. ज्याचें नुकसान व्हावयाचें तो समोर उभा असे. हात त्यानें पाहावयाचा, मोहोर त्यानें ओळखावयाची. दुसरी ही कीं, शपथ घेणाऱ्याचें कांहीं तरी खरोखर पणास लागलेलें असे: हात, वतन, जात किंवा पुत्र. तिसरी ही कीं, शपथेवर निकाल अवलंबून असे आणि त्या निकालाप्रमाणें पुढें अंमल होई. ज्या शपथेवर नंतर कोणी चाललेंच नाहीं, ती निर्णयाची शपथ म्हणावयाची कशी? तेव्हां कागदांत शपथ आली म्हणजे तीन प्रश्न विचारावे. जो हरणार तो समोर होता काय? बोलणाऱ्यानें काय पणास लाविलें? आणि पुढें त्याप्रमाणें वागणूक झाली काय?

इमानाच्या शपथेस हे प्रश्न तसेच लागू होत नाहींत. तेथें प्रतिपक्ष नसतो, दोन भावी मित्र असतात. आणि ती खरी कीं खोटी हें शपथेच्या दिवशीं कोणासच सांगतां येत नाहीं, पुढील वर्तनच तें सांगतें. बेलाचें पान व खंडोबाचा भंडारा उचलून, किंवा ते एकमेकांस पाठवून अशा शपथा होत. एका ताटांतील अन्नावर होणारा प्रकारहि याच जातीचा. १७०७ सालीं शाहू मोगलांच्या कैदेंतून सुटून आला तेव्हां ताराबाईनें त्यास तोतया म्हटलें, आणि आपल्या सरदारांकडून दूधभातावर हात ठेववून, आपल्या पुत्राचा पक्ष सोडणार नाहीं अशा शपथा घेवविल्या, असें सांगतात. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत खेडच्या लढाईंत धनाजी जाधव शाहूस मिळाला. परशुरामपंत प्रतिनिधि मात्र ताराबाईच्या पक्षास धरून राहिला, सातारचा किल्ला लढविला व तो पडल्यावर शाहूच्या कैदेंत गेला.

धनाजीनें शपथ मोडली असें सहज म्हणतां येईल. परंतु विचार केल्यास येथें एक गुंता दिसतो. सरदारांची शपथ इमानाची होती. पण तिच्या पोटांत एक निर्णयाचा प्रश्न दडविला होता, तो असा कीं येणारा पुरुष शाहू आहे कीं नाहीं. तो तोतया असेल तर शपथ पाळणें धर्म. तो खरोखरच संभाजीमहाराजांचा पुत्र असेल तर ज्या घराण्याचें इमान धरावयाचें त्याच घराण्याच्या वडील शाखेवर शस्त्र धरावें लागणार. धनाजीनें तो दुसरा प्रश्न स्वतः तपासून शपथेच्या बाहेर पाऊल टाकलें. पंतानें तो न तपासतां दिलेला शब्द पाळला. दोघांपैकीं कोणाचें वर्तन श्रेष्ठ याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. एवढें मात्र सांगतों कीं, ताराबाईची ही रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एखादा मनुष्य खरा कीं तोतया, हा वस्तुस्थितीचा प्रश्न तिनें पक्षाच्या इमानाशीं बांधून टाकला. पंचेचाळीस वर्षांनीं जेजुरीस हेंच पुन्हा घडलें.

आतां मूळ प्रकरणाकडे येऊं. शाहूस औरस पुत्र उरला नव्हता. दत्तक कोणास घ्यावा हा विचार चालला असतां ताराबाईनें प्रकट केलें कीं, आपला पुत्र शिवाजी याचा मुलगा रामराजा हा जिवंत असून त्यास लहानपणापासून गुप्तपणें वाढविलें आहे. शाहूची राणी सकवारबाई हिला तें मान्य नव्हतें. १७४९ च्या डिसेंबरांत शाहू मृत्यु पावला व १७५० च्या जानेवारींत रामराजा सातारच्या गादीवर बसला. रघूजी भोसल्यानें त्याच्या जन्माविषयीं शंका घेतली, तेव्हां जी खातरजमा झाली तिची हकीकत ग्रँट डफ यानें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत दिली आहे. ताराबाईनें जातभाईंच्या समक्ष रामराजाबरोबर एका पंक्तीस भोजन करावें, आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा आपला नातू असें सांगावें, अशी रघूजीची मागणी होती. तिनें तसें विधिपूर्वक केलें व रघूजीचें समाधान झालें.

पुढें वर्ष लोटलें नाहीं तोंच प्रकार उलटला. रामराजा आपल्या सल्ल्यानें चालून पेशव्याचें वर्चस्व मोडील ही ताराबाईची अपेक्षा होती. ती त्यानें पुरी केली नाहीं. २४ नोव्हेंबर १७५० रोजीं चंपाषष्ठीच्या उत्सवाच्या निमित्तानें तिनें त्यास सातारच्या किल्ल्यावर बोलाविलें व तेथेंच अडकवून ठेविलें. हा भोसल्यांचा नव्हे, लहानपणीं ज्या घरीं पोंचविला तेथें बदललेला गोंधळ्याचा पोर आहे, यास आपला म्हटल्याबद्दल आपण कृष्णेच्या कांठीं प्रायश्चित्त घेऊं, असे तिचे या वेळचे उद्गार डफनें नमूद केले आहेत. यानंतर तिच्या बाजूनें दमाजी गायकवाड गुजराथेंतून चालून आला व त्याचा मोड झाला. शेवटीं १७५२ च्या सप्टेंबरांत ताराबाई व बाळाजी बाजीराव पेशवे यांनीं जेजुरीस खंडोबाच्या देवळांत परस्परांशीं वैर न करण्याच्या शपथा घेतल्या. आणि त्याच प्रसंगीं, रामराजा आपला नातू नव्हे असें ताराबाईनें देवासमोर सांगितलें.

वर सांगितलेले तीन प्रश्न आतां या दोन शपथांस लावून पाहूं.

समक्षतेचा प्रश्न घ्या. पहिल्या शपथेच्या वेळीं शंका घेणारा रघूजी समोर होता. शपथ त्यानेंच मागितली, ती कोणत्या प्रकारें घ्यावयाची हेंहि त्यानेंच ठरविलें, व जातभाई पाहात होते. जेजुरीस ज्याचें सर्वस्व जावयाचें तो रामराजा सातारच्या किल्ल्यावर कैदेंत होता. त्याच्या बाजूनें बोलणारा देवळांत कोणी नव्हता. तेथें जे दोघे होते त्या दोघांसहि ती शपथ सोयीची होती. ताराबाईस आपण नातवास कैद केलें हा कलंक धुवावयाचा होता. पेशव्यास छत्रपति दुर्बळ राहिलेला हवाच होता. गोताच्या अगदीं साध्या नियमानेंहि अशी क्रिया कच्ची ठरली असती.

पणाचा प्रश्न घ्या. पहिल्या वेळीं ताराबाईनें आपली जात ताटांत ठेविली. रामराजा गोंधळ्याचा मुलगा आहे हें ती जाणत असती तर त्याच्या पंक्तीस जेवणें म्हणजे सर्वांसमक्ष स्वतःस बाटविणें, असेंच त्या काळच्या समजुतीप्रमाणें झालें असतें. नंतर प्रायश्चित्ताची भाषा तिनें केली ती याच कारणानें. येथें तिचा स्वार्थ नव्हता असें नव्हे. नातू गादीवर आला तर सत्ता आपल्या हातीं येईल ही आशा होतीच. पण स्वार्थाबरोबर जोखीमहि होती. जेजुरीस जोखीम कोणती होती? देवाचा कोप, एवढीच. तो कोप भयंकर मानला जात असे हें खरें; पण त्याची फेड करण्यास पिशवी नव्हती, मोहोर नव्हती, तिसरा दिवस नव्हता.

येथें एक आक्षेप येईल. जेजुरीची शपथ ही ताराबाईनें आपल्या पूर्वीच्या शपथेविरुद्ध दिलेली कबुली आहे, आणि स्वतःस कमीपणा आणणारी कबुली मनुष्य उगाच देत नाहीं. म्हणून तीच अधिक विश्वसनीय. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु जी गोष्ट १७५० मध्यें सांगणें तिच्या हिताविरुद्ध झालें असतें ती १७५२ मध्यें तिच्या हिताची झाली होती. शिवाय ती गोष्ट ती दोन वर्षांपूर्वीं, नातवाला कैद करतांना, रागाच्या भरांत एकदा बोलून चुकली होती. देवळांत तिनें नवी कबुली दिली नाहीं. जुन्या आरोपावर भंडारा टाकला.

शेवटीं वागणुकीचा प्रश्न. आमच्या मतें हाच निर्णायक आहे. शपथ जर खरी मानली गेली असती तर रामराजास गादीवरून उतरवून दुसरा भोसला शोधणें प्राप्त होतें. ताराबाईनें तसें केलें नाहीं, पेशव्यानेंहि केलें नाहीं. १७६१ च्या डिसेंबरांत ताराबाई वारली. त्याच वर्षीं माधवरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तीं रामराजाच्या नांवानें. १७७२ त नारायणरावास, १७७३ त रघुनाथरावास व १७७४ त सवाई माधवरावास मिळालीं तींहि त्याच्याच नांवानें. शिक्क्यांत तोच छत्रपति होता. १७७७ सालीं तो मरण पावला तो छत्रपति म्हणूनच, आणि त्याच्यामागें गादीवर आला तो त्याचा दत्तक पुत्र दुसरा शाहू. जेजुरीची शपथ ज्यांच्या साक्षीनें झाली त्यांनीं व त्यांच्या वंशजांनीं पंचवीस वर्षें तिच्याविरुद्ध वर्तन केलें. चार पेशव्यांचा अधिकार ज्याच्या हातून आला तो गोंधळ्याचा पोर होता असें त्यांपैकीं एकानेंहि कागदावर धरून चालविलें नाहीं.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा. जेजुरीची शपथ ही रूपानें निर्णयाची व वस्तुतः इमानाची होती. ती तहाचें एक कलम होती. बाई, तुम्ही आमच्याविरुद्ध छत्रपतीचें नांव पुढें करूं नये, हें पेशव्याचें मागणें. आणि पेशवे, तुम्ही या छत्रपतीस आमच्या हातून सोडवूं नये, हें बाईचें मागणें. नातू नव्हे असें एकदा देवासमोर म्हटलें म्हणजे दोन्ही मागणीं पुरीं होतात. या शपथेवरून १७५२ सालीं त्या दोघांमध्यें काय ठरलें याचा उत्तम पुरावा मिळतो. रामराजाचा बाप कोण याचा पुरावा तिच्यांत नाहीं. पहिल्या शपथेनेंहि तो प्रश्न पूर्ण सुटत नाहीं, कारण तीहि हितसंबंधी व्यक्तीची आहे. तथापि दोहोंची तुलना करतां पहिलीचें पारडें जड आहे असें आम्हांस वाटतें. दोहोंपैकीं नंतरची ती खरी, हा नियम खतपत्रांस लागू पडत असेल. शपथांस लागू पडत नाहीं.

या प्रकरणाचें नैतिक अंग सोडून देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. शपथ मोडल्याचें पाप मोडणाऱ्यास लागतें असें आपण म्हणतों. पण खोट्या शपथेचें ओझें बहुधा तिसऱ्याच्याच शिरीं पडतें, आणि तो तिसरा तेथें नसतो. खोट्या शपथेनें वंश बुडतो अशी आपल्याकडे समजूत आहे. जेजुरीस गेली तेव्हां ताराबाईचें वय सत्त्याहत्तर वर्षांचें होतें. पति गेला होता, पुत्र गेला होता, आणि त्या पुत्राचा पुत्र म्हणून जगापुढें हा एकच पुरुष होता. शपथ खरी असेल तर तिनें एका परक्यास सिंहासनावर बसविलें होतें. खोटी असेल तर जी शिक्षा शास्त्रानें खोट्या शपथेस सांगितली ती तिनें आपल्या तोंडानेंच उच्चारून घेतली. कोणताहि पक्ष धरिला तरी रामराजाची अवस्था तीच राहते. त्याच्या जन्माविषयीं दोनदां शपथा झाल्या. दोन्ही वेळां त्याचें भवितव्य ठरलें, आणि दोन्ही वेळां बोलणारें तोंड दुसऱ्याचें होतें.

इंग्रजी अमलांत दिव्यें बंद पडलीं व शपथेचें रूपहि बदललें. १८४० च्या पांचव्या कायद्यानें हिंदूंस गंगाजळाची व मुसलमानांस कुराणाची शपथ देण्याची रीत काढून केवळ प्रतिज्ञेवर सांगण्याची रीत घातली. परंतु जुनी कल्पना समूळ गेली नव्हती. १८७३ च्या शपथांच्या कायद्यांत, एका पक्षानें दुसऱ्यास विशिष्ट प्रकारची शपथ घेण्याचें आव्हान द्यावें, त्यानें ती घेतल्यास आपण तिला बांधलेले आहों असें कबूल करावें, आणि मग ती साक्ष आव्हान देणाऱ्याविरुद्ध अखेरची मानावी, अशी तरतूद ठेविली होती. ही गोतांतली क्रियाच होय. १९६९ च्या कायद्यांत ती तरतूद राहिली नाहीं. ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, जोंवर ती होती तोंवर तिचा जोर प्रतिपक्षाच्या मागणीवर व संमतीवर होता. बांधला जाणारा समोर असला पाहिजे हा नियम कायदे करणाऱ्यांसहि सोडतां आला नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. शपथेचा मजकूर असलेला कागद हातीं आला तर त्यांत शपथ आहे एवढीच टीप करून थांबूं नये. शपथ कोणीं मागितली, कोणत्या स्थळीं झाली, कोणत्या वस्तूवर झाली, समक्ष कोण होते, आणि पुढील कागदांत तिच्याप्रमाणें वर्तन झाल्याचें दिसतें काय, हें टिपून ठेवावें. येजितखत व हरकीचा कागद निवाड्यापासून वेगळा करूं नये. शपथेवर अंमल झाला याचा पुरावा त्यांतच असतो. एखादी जुनी घडी उलगडतांना वाळलेलें पान किंवा पिवळी पूड निघाली तर ती झटकून टाकूं नये, निराळ्या पुडींत ठेवून कोणत्या कागदांत निघाली तें लिहावें. हळद दिसली कीं बेलभंडारच असें मात्र समजूं नये. मंगल पत्रांसहि हळदीचीं बोटें लागतात. कागदाचा विषय पाहून काय तें ठरवावें.

मनूनें सांगून ठेविलें आहे कीं, ज्या वादांत खोटी साक्ष झाल्याचें उघडकीस येईल तो वाद राजानें फिरवावा, आणि जें केलें तें न केल्यासारखें समजावें. इतिहाससंशोधकास राजाचा अधिकार नाहीं. पण वाद फिरविण्याचा अधिकार त्यास आहे. रामराजाच्या जन्माचा निकाल जेजुरीच्या एका शपथेवर ज्यांनीं लावून टाकला आहे त्यांनीं तो मागें घेऊन, आधीं कागद, मग वहिवाट, मग साक्षी, आणि सर्वांच्या शेवटीं शपथ, या जुन्याच क्रमानें तो वाद पुन्हा चालवावा, अशी आमची सूचना आहे.